ठोकर बसलेला पोलादी खांब: 1/1000 हा आकडा आला कुठून?

गोदामात फोर्कलिफ्टने किंवा रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकने खांबाला ठोकर दिली की तपासणी अहवालात एक आकडा हमखास येतो. बाक, म्हणजे सरळ रेषेपासून खांब जितका वाकला ते अंतर, लांबीच्या 1/1000 पेक्षा कमी असेल तर खांब पास, जास्त असेल तर नापास.

बिडाच्या खांबांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. बीड वाकत नाही, तडकतं. मग खांब बदलायचाच. पोलाद आल्यावर वाकलेलं सरळ करणं शक्य झालं, आणि किती वाकलेलं चालेल हेही ठरवावं लागलं.

आयएस 800 या पोलादी बांधकामाच्या भारतीय संहितेच्या 1962 च्या आवृत्तीत खांबांची ताकद काढायला सिकंट नावाचं सूत्र होतं, 1984 मध्ये मर्चंट-रँकिन सूत्र आलं. 2007 मध्ये चार बकलिंग वक्र आले, म्हणजे दाबाखाली खांब बाजूला वाकून किती भाराला हार मानेल ते दाखवणारे आलेख. या वक्रांच्या हिशेबात सुमारे 1/1000 इतका मूळ बाक आणि रोलिंग-वेल्डिंगनंतर आत उरलेले (अवशिष्ट) ताण आधीच धरलेले आहेत. म्हणजे ही घडणीतली सूट आहे आणि डिझाइनमध्ये ती खर्च झालेली असते. अपघातानंतर काय चालेल याची ती मर्यादा नव्हे. शिवाय यातली लांबी खांबाची पूर्ण उंची नसते, ती बाजूने आधार मिळालेल्या दोन बिंदूंमधली असते. अनेक अहवाल इथेच घसरतात: पूर्ण उंची धरली की सूट आपोआप फुगते.

आकड्यांत पाहा. आयएसएमबी 300 (300 मिमी खोलीचा I आकाराचा पोलादी छेद), लांबी 4 मीटर, भार 200 किलोन्यूटन. सूट 4 मिमी. ठोकरीने कमजोर अक्षाभोवती (म्हणजे छेद ज्या दिशेने सहज वाकतो तिकडे) 20 मिमी बाक आला, तर 4 किलोन्यूटन-मीटर आघूर्ण, म्हणजे वाकवणारा परिणाम, येतो. थेट भाराचा ताण जेमतेम 36 एमपीए (मेगापास्कल), पण या बाकाचा 62, आणि भाराखाली बाक वाढतो तसा तोही वाढतो. उलट, बाक 3 मिमीच असला तरी फ्लँजची (I च्या आडव्या पट्टीची) कड दुमडलेली असेल तर खांब पास म्हणता येत नाही. स्थानिक दुमड 1/1000 मध्ये दिसतच नाही.

पीईबी शेडमुळे (कारखान्यात आधीच घडवून जागेवर जोडलेल्या पोलादी शेडमुळे) हा घोळ वाढला. तिथे वेब (I ची उभी पट्टी) अनेकदा 5-6 मिमीचा, आणि फ्लँजला वेल्ड बऱ्याचदा एकाच बाजूने. फ्लँज वळला की वेल्डच्या मुळाशी चीर पडू शकते. म्हणून रंग खरवडून डाय पेनिट्रंट चाचणी (रंगीत द्रव मुरवून चिरा दाखवणारी) घ्यायलाच हवी. पृष्ठभागावर न आलेली चीर तीत दिसत नाही, तेव्हा वेल्ड नसलेल्या बाजूनेही पाहावं. बेसप्लेट (खांबाच्या तळाची प्लेट) आणि फाउंडेशन बोल्टही तपासावेत.

तापवून सरळ करण्याची रीत अमेरिकेतल्या पुलांच्या दुरुस्तीतून रुळली. साध्या पोलादाला 650 अंश सेल्सिअसची मर्यादा आणि जॅकचा जोर जपून, हे नियम तिथलेच. विकृती (लांबीतला प्रमाणशीर बदल) यील्ड विकृतीच्या (जिथून पोलाद कायमचं वाकू लागतं तिच्या) 100 पटींपर्यंत असेल तरच ही रीत वापरावी. 250 एमपीए पोलादाच्या 10 मिमी प्लेटला हे सुमारे 40 मिमी त्रिज्येच्या वळणाशी जुळतं. त्याहून तीव्र दुमड कापून नवा तुकडा बसवावा. पुलाच्या गर्डरवरची वाहतूक थांबवता येते, छताचा भार मात्र खांबावर तसाच असतो. 600 अंशांच्या आसपास पोलादाची निम्मी ताकद जाते, म्हणून आधी प्रॉप (तात्पुरते टेकू) लावून जॅकने भार उचलायचा.

वरून प्लेट मारून मोकळं होणं हा आपल्याकडचा आवडता उपाय, आणि तोच सगळ्यात फसवा. भार न उतरवता मारलेली प्लेट आधीच्या भाराचा वाटा उचलत नाही, ती फक्त पुढे वाढणाऱ्या भारात भाग घेते. फ्लँजवर आडवा वेल्ड ओढला तर भाराखालचा अख्खा छेद मऊ पडतो. वेल्ड उभे, तुकड्यातुकड्याने घ्यावेत.

2006 च्या युरोपीय संहितेने फोर्कलिफ्टच्या धडकेचं बळ ठरवून दिलं: माल धरून वजनाच्या पाचपट, जमिनीपासून 0.75 मीटरवर. 5 टनी भरलेल्या गाडीसाठी हे 25 टन होतात. दुरुस्त खांबापुढचा गार्ड एवढ्याला तपासावा आणि त्याचा पाया खांबाच्या बेसप्लेटला न जोडता वेगळा ठेवावा.