गाईला गॉगल

२०२३ च्या जुलैत आळंदीत डोळे येण्याची साथ पसरली, आणि पुढे राज्यभर जो तो काळा गॉगल लावून हिंडू लागला. कशासाठी? तर समोरच्याच्या डोळ्यात पाहिलं की आपलेही डोळे येतात म्हणे! नजरेतून विषाणू उडी मारत नाही. तो हात, टॉवेल, उशीचा अभ्रा यांवरून जातो. गॉगलने फार तर उजेड खुपायचा थांबतो.

गंमत अशी, की गोठ्यातल्या डोळ्यांच्या साथीत गॉगल खरोखर कामाला आला असता.

गाईगुरांचे डोळे येतात तो आजार वेगळा. माणसांतल्या अशा साथी बहुतेक विषाणूंच्या. इथला मुख्य आरोपी मोरॅक्सेला बोव्हिस नावाचा जिवाणू. सुरुवातीला एकाच डोळ्यातून पाण्याची धार लागते, गालावर ओला पट्टा दिसतो, जनावर डोळा मिटून सावली धरतं. दोन-तीन दिवसांत डोळ्याच्या मधोमध पांढुरका ठिपका उमटतो. 'फूल पडलं' म्हणतात ते हेच. वासरांना हा त्रास मोठ्या जनावरांपेक्षा जास्त होतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. डोळा ही जिवाणूला राहायला अत्यंत वाईट जागा आहे. अश्रू सतत धुऊन काढतात, पापणी वायपरसारखी फिरते. मग हा तिथे टिकतो कसा? त्याच्या अंगावर प्रथिनांचे बारीक तंतू असतात, त्यांना पिलाय म्हणतात. त्यांच्या आधाराने तो पारपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला, चिकटतो. प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा वाढवत नेला की हे तंतू हरवतात, आणि तसा 'टकला' जिवाणू गाईच्या डोळ्यात सोडला तर काहीच होत नाही.

तंतू दोन प्रकारचे, क्यू आणि आय. क्यू पहिल्यांदा चिकटण्यात तरबेज, आय ठाण मांडून बसण्यात. पण एका वेळी एकच प्रकार तयार होतो. ही अदलाबदल जिवाणू करतो कशी, तर डीएनएचा सुमारे २१०० अक्षरांचा एक तुकडा कापून, जागच्या जागी उलटा फिरवून, पुन्हा जोडून. आगगाडी डोळ्यांपुढे आणा. इंजिन जागेवरच आहे. मागची डब्यांची रांग उचलून उलटी ठेवली, तर शेवटचा डबा इंजिनाला जोडला जाईल. तंतूच्या जनुकाची सुरुवात हे इंजिन, आणि फिरणाऱ्या तुकड्याच्या दोन टोकांना दोन वेगळे 'डबे'. जो इंजिनाला लागेल त्याचं प्रथिन बनतं. हे फिरवाफिरवीचं काम करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) नाव पिव्ह. शिवाय या जिवाणूच्या निरनिराळ्या वाणांचे तंतू एकमेकांपासून वेगळे, त्यांचे सात गट मानले जातात. एका तंतूविरुद्ध गाईने प्रतिपिंडं बनवावीत, तर पुढचा जिवाणू दुसराच अंगरखा घालून हजर! परदेशात याच्या लसी विकल्या जातात, पण त्यांचा भरवसा देता येत नाही, त्यामागचं एक मोठं कारण हे.

चिकटला की तो विष सोडतो. हे विष पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतं. पारपटलाच्या पेशी फुटतात, मदतीला आलेल्या पांढऱ्या पेशीही फुटतात, आणि त्यांच्यातून सांडलेली विकरं आणखी नासधूस करतात. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून जखम भरायला त्या कडेकडून आत वाढत येतात, रोज जेमतेम एखादा मिलिमीटर. डोळा लालसर-गुलाबी दिसतो तो या टप्प्यावर.

आणि ऊन? अतिनील किरणांनी पारपटलाच्या वरच्या पेशी आधीच दुबळ्या होतात, जिवाणूचं निम्मं काम तिथेच होतं. पांढऱ्या तोंडाच्या हेरफोर्ड गाईंना हा आजार जास्त होतो. काळ्या पापण्यांच्या देशी गाई त्या मानाने सुटतात. त्यांचं काजळ जन्मजात असतं. प्रसाराचं काम माश्यांचं. डोळ्यातलं पाणी प्यायला येणारी माशी या जनावरावरून त्या जनावरावर जाताना जिवाणू पायांवर घेऊन जाते. म्हणून शेणाचा उकिरडा गोठ्यापासून लांब हवा, आजारी जनावर वेगळं बांधायला हवं, धूळ आणि डोळ्यात टोचणारा वाळका चारा टाळायला हवा. बरं झालेलं जनावरही कित्येक महिने जिवाणू बाळगून असतं, तेव्हा बाजारातून आणलेली गाय थेट कळपात सोडू नये.

उपचारात डॉक्टर सहसा लांब काळ टिकणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचतात. मानेतलं इंजेक्शन डोळ्याला कसं लागू पडणार, असं वाटतं खरं, पण हे औषध अश्रूंतून उतरतं. त्या दिवसांतलं दूध किती दिवस वगळायचं हे त्यांनाच विचारावं. घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब मात्र टाकू नयेत. जखम असताना त्यांनी डोळा फुटूही शकतो. आणि एकदा पापणीच्या आत नीट बघून घ्यावं: पांढरे, दोऱ्यासारखे जंत वळवळत असतील तर तो थेलॅझिया, तिथे प्रतिजैविक निरुपयोगी आणि जंताचं औषध हवं.

तंबाखू चघळून डोळ्यात पिंक टाकणं, मिठाची गुळणी मारणं, तापल्या सळईने डाग देणं, हे सगळं अजून चालतं. 'गुण आला' असंही सांगतात. येणारच, कारण बरेच डोळे तीन ते पाच आठवड्यांत आपोआप बरे होतात. श्रेय सळईला आणि भाजल्याचा व्रण गाईला.

राहिला गॉगल. अमेरिकेतले गुराखी जुन्या जीनपँटचा तुकडा कापून आजारी डोळ्यावर गोंदाने डकवतात, खालची कड मोकळी ठेवून, म्हणजे पाणी निथळतं. ऊनही अडतं, माशीही अडते. काही आठवड्यांनी गोंद सुटतो आणि तुकडा कुठेतरी कुरणात पडून जातो.