मणक्याच्या स्कॅनचा अहवाल (कंबरदुखीतील)

कंबरेचे मणके, त्यांमधल्या गाद्या, सांधे आणि नसा प्रतिमेत कशा दिसल्या, याचे रेडिओलॉजिस्टने केलेले लेखी वर्णन. ते रचनेचे वर्णन असते, वेदनेचे नव्हे. अहवाल वाचून रुग्ण घाबरतो, तो बहुधा हा फरक त्याला कोणी सांगितलेला नसतो म्हणून. एक्स-रेत हाडे दिसतात, गादी दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये हाडांचे बारकावे कळतात. गादी आणि नसा नीट पाहायच्या तर एमआरआय लागतो.

कंबरेत एल१ ते एल५ असे पाच मणके असतात, त्यांच्याखाली त्रिकास्थीचा, म्हणजे कंबरेखालच्या हाडाचा, एस१. ‘एल४-एल५’ म्हणजे या दोन मणक्यांमधली गादी. गादी बाहेर येण्याचे बहुतेक प्रकार एल४-एल५ आणि एल५-एस१ या शेवटच्या दोन जागीच आढळतात. गादीच्या मध्यभागी पाणीदार गर आणि भोवती तंतूंचे कडे असते. एमआरआयच्या टी२ नावाच्या प्रकारच्या प्रतिमेत पाणी उजळ दिसते, त्यामुळे गर सुकला की गादी काळपट दिसते. ‘डेसिकेशन’ म्हणतात ते एवढेच. गादीची कड परिघाच्या पाव भागाहून अधिक फुगली तर ‘बल्ज’, एखाद्याच जागी रुंद बुडाने पुढे आली तर ‘प्रोट्रूजन’, पुढे आलेला भाग बुडापेक्षा रुंद असला तर ‘एक्स्ट्रूजन’ आणि तुकडा सुटला तर ‘सीक्वेस्ट्रेशन’. मात्र नाव जितके भारी तितका आजार चिवट, असे नाही. सुटलेले तुकडे शरीर अनेकदा आपणहून विरघळवते, आणि साध्या बल्जपेक्षा हे अधिक वेळा घडते.

‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप पडला’ हे रूढ शब्द दिशाभूल करतात. गादी मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती सरकत नाही. ज्याला गॅप म्हणतात तिथे बहुधा गादीची उंची घटलेली असते, म्हणजे अंतर कमी झालेले असते.

कंबर न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या प्रतिमांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत आढळली. बल्ज अनुक्रमे ३० आणि ८४ टक्के. म्हणून वयाच्या पन्नाशीत अहवालात ‘डिजनरेटिव्ह’ (झिजेचा) हा शब्द येणे केस पिकण्याइतकेच स्वाभाविक आहे.

अहवालाला अर्थ येतो तो तपासणीशी ताडून पाहिल्यावर. एल४-एल५ची गादी सहसा एल५ची नस दाबते: कळ पिंढरीच्या बाहेरच्या अंगाने पावलाच्या वरच्या बाजूला उतरते, अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो. एल५-एस१मध्ये एस१ची नस सापडते. तेव्हा कळ पोटरीतून करंगळीच्या बाजूला जाते. अहवालात डावी नस दबलेली आणि दुखणे उजव्या पायात, असे असेल तर त्या नोंदीने दुखण्याचा उलगडा होत नाही.

धोक्याची लक्षणे नसतील तर साध्या कंबरदुखीत पहिले काही आठवडे स्कॅनची गरज सहसा नसते. पण लघवी अडणे, शौचावरचा ताबा सुटणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे किंवा पायातली ताकद झपाट्याने जाणे ही लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठून एमआरआय करावा लागतो.