नाईल पर्च आणि जिताडा: फरक ओळखायचा कसा?

‘पर्च’ या एका नावाखाली जगभरात जितके मासे विकले जातात, त्यांतल्या बहुतेकांचा खऱ्या पर्चशी जवळचा संबंध नाही. खरा पर्च हा युरोपातल्या, आशियातल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या नद्यांचा व तळ्यांचा मासा आहे. त्याच्या अंगावर उभे गडद पट्टे असतात, पोटाकडचे पर तांबूस असतात आणि किलो-दोन किलोचा मासा मिळाला तरी तिकडचे गरवणारे खूश होतात. त्याच्या प्रजाती अवघ्या तीन आहेत. इंग्रज मात्र जिथे जिथे गेले, तिथे पाठीवर काटेरी पर असलेला गोड्या पाण्यातला मासा दिसला की त्याला पर्च म्हणत गेले. ऑस्ट्रेलियातला सिल्व्हर पर्च, बंगालात ‘कोई’ म्हणून आवडीने खाल्ला जाणारा क्लायंबिंग पर्च आणि आफ्रिकेतला नाईल पर्च ही त्याच सवयीची अपत्ये. मराठी माणसाचा खरा घोटाळा होतो तो यांपैकी शेवटच्या माशाबाबत, कारण नाईल पर्च दिसायला आपल्या जिताड्यासारखा आहे. रायगडात ज्याला जिताडा, गोव्यात चोणक आणि बंगालात भेटकी म्हणतात, त्या माशालाही इंग्रजीत एकेकाळी जायंट पर्च म्हणत. आज हॉटेलांच्या मेनूवर आणि गोठवलेल्या पाकिटांवर तो सी बास किंवा बारामुंडी या नावाने येतो.

हे साम्य वरवरचे नाही. दोन्ही मासे लेट्स या एकाच प्रजातिगटातले आहेत. नाईल पर्चचे शास्त्रीय नाव लेट्स निलोटिकस, तर जिताड्याचे लेट्स कॅल्कॅरिफर. पहिल्याचे वर्णन स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये केले आणि त्याला थेट पर्चच्याच गटात टाकले. दुसऱ्याचे वर्णन जर्मन मत्स्यशास्त्रज्ञ ब्लॉखने १७९० मध्ये केले. या गटाचा पसारा आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया अशा तीन खंडांत आहे. एकट्या टांगानिका सरोवरात त्याच्या चार प्रजाती आहेत. जपानमधला या गटातला मासा जिताड्याहून वेगळा असल्याचे १९८४ मध्ये दाखवून देण्यात आले, आणि श्रीलंका व म्यानमार इथून आणखी दोन प्रजाती २०१२ मध्ये वेगळ्या काढण्यात आल्या. जनुकीय अभ्यासांतून तर असे दिसते की हे सगळे कुटुंब युरोपातल्या खऱ्या पर्चपेक्षा लेपीसारख्या चपट्या माशांच्या अधिक जवळचे आहे. जिताडा आणि लेपी शेजारी ठेवून पाहिले तर हे पटणे कठीण आहे, पण माशांच्या नातेसंबंधांत डोळ्यांवर फार विसंबून चालत नाही.

अख्खा मासा समोर असेल, तर साम्य आणि फरक दोन्ही डोक्याकडेच दिसतात. दोघांचेही कपाळ डोळ्यांच्या वर खोलगट होऊन मग पाठ एकदम उंचावते. दोघांचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, तोंड मोठे असते, कल्ल्याच्या झाकणाला धारदार काटे असतात (साफ करताना हात कापतो तो यांनीच) आणि शेपटी दुभंगलेली नसून गोलसर असते. फरक मुख्यतः डोळ्यात आहे. नाईल पर्चचा डोळा काळाभोर असून त्याभोवती ठळक पिवळे वलय असते. जिताड्याचा डोळा सोनेरी-तपकिरी असतो आणि त्यावर उजेड पडला की तो लालसर चमकतो. लहान वयातला जिताडा ओळखण्याची आणखी एक खूण म्हणजे त्याचे अंग तपकिरी, चट्ट्यापट्ट्यांचे असते आणि तोंडापासून मानेपर्यंत कपाळावरून एक पांढुरकी रेघ गेलेली असते. वय वाढले की ती रेघ जाते आणि रुपेरी अंग व करडी-हिरवट पाठ एवढेच उरते. आकाराने ओळखायला जाऊ नये, कारण दोघेही पुरुषभर लांबीपर्यंत वाढू शकतात. वजनात मात्र नाईल पर्च बराच पुढे जातो. जिताड्याची कमाल ६० किलोच्या आसपास सांगितली जाते, तर नाईल पर्चची २०० किलोपर्यंत.

तरीही या दोन माशांमधला खरा फरक अंगावर दिसत नाही, तो त्यांच्या विणीत आहे. नाईल पर्चचा सगळा जन्म गोड्या पाण्यात जातो. त्याची अंडी जेमतेम मिलिमीटरभराची असतात, पण त्यांत तेलाचा मोठा थेंब असल्यामुळे ती गोड्या पाण्यातही तरंगतात. मोठी मादी लाखोंच्या संख्येने अंडी सोडते आणि पिल्लांना समुद्राचे तोंड पाहावे लागत नाही. जिताड्याचे तसे नाही. तो नदीत, खाडीत, खाजणात, अगदी पूर्ण गोड्या तळ्यातही मजेत वाढतो, पण वीण करायची तर त्याला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यातच यावे लागते. पुनव-अवसेच्या सुमारास उधाणाच्या पाण्यात त्याची वीण होते, अंडी खाऱ्या पाण्यावर तरंगतात आणि उबदार पाण्यात एका दिवसाच्या आत फुटतात. मग भरतीबरोबर पिल्ले आत खाजणांत आणि पाणथळीत शिरतात. गोड्या पाण्यात ही अंडी तरंगत नाहीत, त्यामुळे तळ्यात कोंडलेला जिताडा कितीही मोठा झाला तरी तिथे त्याची पुढची पिढी होत नाही.

त्यात जिताड्याची आणखी एक गंमत आहे. तो आधी नर असतो आणि नंतर मादी होतो. साधारण तीन-चार वर्षांचा झाला की तो नर म्हणून विणीत भाग घेतो, आणि पुढे सहा-आठ वर्षांचा झाल्यावर त्यातले बरेच मासे मादी बनतात. म्हणजे बाजारात आलेला भलामोठा जिताडा बहुधा मादी असतो आणि लहान तो नर. नाईल पर्चमध्ये नर आणि मादी वेगवेगळे असतात, पण मादी जास्त वाढते, त्यामुळे तिथेही अवजड मासे बहुतांशी माद्याच असतात. या एका गोष्टीमुळे दोन्हीकडे मासेमारीचे नियम सारखेच झाले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात खुल्या नद्यांत आणि समुद्रात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामुंडी पकडता येत नाही. व्हिक्टोरिया सरोवरावर नाईल पर्चसाठी ५० ते ८५ सेंटिमीटर अशी मर्यादा ठरवण्यात आली. लहान मासा सोडा हे कुणालाही कळते, पण मोठा मासाही सोडायचा, हे आपल्याकडे कुणाच्या गळी उतरवणे अवघड जाईल.

विणीतला हा फरक समजला की रायगडच्या खारेपाटातली तळी नीट समजतात. अलिबाग आणि पेण तालुक्यांतल्या खारेपाटात बांधाच्या आत, घराच्या मागे किंवा शेताच्या कडेला पावसाच्या पाण्याचे तळे असते आणि त्यात जिताडा वाढवायची रीत जुनी आहे. पावसाळ्यात खाडीतून, खाजणांतून पिल्ले पकडायची, ती तळ्यात सोडायची, लहान मासळीवर पोसायची आणि हवा तेव्हा मासा काढायचा. मुलीच्या सासरी पाठवायला किंवा कचेरीतल्या साहेबाचे मन वळवायला जिताडा कसा उपयोगी पडायचा, याचे किस्से त्या भागात आजही चवीने सांगितले जातात. तळ्यात मासा विणत नाही, म्हणून दर वर्षी नवे बीज आणणे भाग असते. खाडीतले बीज कमी झाले की तळी रिकामी राहतात. यावर उपाय म्हणून उबवणी केंद्रांतले बीज आले. थायलंडने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या माशाचे बंदिस्त प्रजनन साधले, आणि भारतात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये ते करून दाखवले. बीज विकत घेणाऱ्याने एक गोष्ट मात्र विसरू नये. जिताडा आपल्याच भावंडांना खातो. बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) एका मापाची नसली तर मोठी पिल्ले लहानांना गिळतात, म्हणून नर्सरीत ठरावीक दिवसांनी त्यांची मापानुसार वेगवेगळी वाटणी करत राहावे लागते.

आता याच्या उलट नाईल पर्चचे पाहा. त्याचा मूळ मुलूख मोठा आहे. नाईल, काँगो, नायजर, सेनेगल, व्होल्टा या नद्या आणि चाड, तुर्काना, आल्बर्ट ही सरोवरे त्याची. इजिप्तमध्ये तो पूज्यही होता. एस्ना या गावाला ग्रीक लोक लॅटोपोलिस, म्हणजे या माशाचे नगर, म्हणत आणि तिथे त्याच्या ममी करून पुरल्या जात. पण नाईलचा उगम ज्या व्हिक्टोरिया सरोवरातून होतो, तिथे मात्र हा मासा नव्हता. वाटेत मर्चिसन धबधबा आहे आणि तो चढून वर जाणे माशाला शक्य नव्हते. धबधब्याने हजारो वर्षे राखलेली ही सीमा माणसाने १९५०च्या दशकात ओलांडली. आधी गुपचूप आणि मग १९६२-६३ मध्ये उघडपणे, सरोवरातल्या बारक्या, काटेरी माशांचे रूपांतर मोठ्या आणि विकाऊ मासळीत व्हावे म्हणून नाईल पर्च व्हिक्टोरियात सोडण्यात आला. जेफ्री फ्रायर या मत्स्यशास्त्रज्ञाने १९६० मध्येच याविरुद्ध लेखी इशारा दिला होता.

पुढची वीसेक वर्षे फारसे काही घडले नाही, आणि १९८०च्या दशकात त्याची संख्या अचानक भडकली. व्हिक्टोरिया हे सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटरचे, टांझानिया, युगांडा आणि केनिया यांच्यात वाटले गेलेले सरोवर. त्यात हॅप्लोक्रोमाइन जातीच्या लहान सिक्लिड माशांच्या पाचशेच्या आसपास प्रजाती होत्या, आणि जगात इतरत्र कुठेही त्या नव्हत्या. त्यांतल्या दोनशेच्या घरात प्रजाती नष्ट झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या. सगळा दोष पर्चच्या माथी मारणे बरोबर नाही. शेतीतून आणि गावांतून वाहून आलेल्या खतामुळे पाणी गढूळ आणि शेवाळी झाले होते आणि तळाशी प्राणवायू घटत होता. पण खाणारा मासा पर्चच होता. सिक्लिड संपल्यावर तो गोड्या पाण्यातली बारीक कोळंबी, दागा नावाचा चांदीसारखा लहान मासा आणि स्वतःचीच पिल्ले यांवर जगू लागला. ज्या काही सिक्लिड प्रजाती टिकल्या, त्यांतल्या कित्येक पपायरस या उंच लव्हाळ्याच्या दाट दलदलीत आणि खडकांच्या फटींत टिकल्या, कारण दलदलीतल्या कमी प्राणवायूच्या पाण्यात नाईल पर्चचा टिकाव लागत नाही.

माणसांच्या दृष्टीने हिशोब एवढा सरळ नाही. जुनी मासळी लहान आणि कमी चरबीची होती, ती उन्हात वाळवून ठेवता येई. नाईल पर्च मोठा आणि तेलकट, तो धुरावर भाजून टिकवावा लागतो आणि त्यासाठी लाकूड लागते. दुसरीकडे म्वांझा, किसुमू, जिंजा अशा काठावरच्या शहरांत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने उभे राहिले, युरोपला गोठवलेले तुकडे आणि चीनला माशाचा फुगा (पोटातली हवेची पिशवी) निर्यात होऊ लागला, आणि अनेकांच्या हाताला काम मिळाले.

जिताडा त्या सरोवरात सोडला असता, तर हे झाले नसते. तो वाढला असता, भरपूर खाल्लेही असते, पण विणला नसता, आणि सोडलेली पिढी संपली की प्रश्नही संपला असता. ही नुसती कल्पना नाही, कारण क्वीन्सलंडमध्ये ही निवड प्रत्यक्ष करण्यात आली. तिथल्या धरणांच्या जलाशयांत मोठा मासा असावा म्हणून नाईल पर्च आणून विलगीकरणात ठेवला होता. व्हिक्टोरियात काय होत आहे ते दिसू लागल्यावर १९८०च्या दशकात ती योजना सोडून देण्यात आली आणि टिनारूसारख्या जलाशयांत त्याऐवजी बारामुंडीची बोटुकली सोडण्यात आली. ज्या गुणामुळे खारेपाटातल्या शेतकऱ्याला दर पावसाळ्यात बीजासाठी वणवण करावी लागते, त्याच गुणामुळे हा मासा तिथे सुरक्षित ठरला.

खाणाऱ्याला मात्र यातले बरेचसे कळत नाही, कारण त्याच्यासमोर येतात ते कातडी काढलेले, काटे नसलेले तुकडे. नाईल पर्चचा कच्चा तुकडा गुलाबीसर, मऊ आणि ओलसर असतो, शिजल्यावर पांढरा होतो आणि चवीला सौम्य असतो. जिताड्याचे मांस मूळचे पांढरे, जरा घट्ट आणि पापुद्र्याने सुटणारे असते. चिखलाच्या तळ्यातल्या जिताड्याला कधी कधी मातकट वास येतो, तो खाडीतल्या माशाला येत नाही. पण हे फरक मसाल्यात आणि तेलात बुडून जातात. ऑस्ट्रेलियात आयात केलेला नाईल पर्च बारामुंडी म्हणून विकल्याची उदाहरणे आहेत आणि कोलकात्यात भेटकीच्या नावाखाली स्वस्त बासा वाढला जातो, तो तर लेट्स गटातलाही नाही.

युरोपात राहणाऱ्यांना एक सोय आहे. तिथे ताज्या आणि गोठवलेल्या मासळीवर शास्त्रीय नाव आणि मासा कुठून आला ते छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे पाकिटावर पुढे जर्मनीतल्यासारखे ‘व्हिक्टोरिया बार्श’ असे काही आकर्षक नाव असले, तरी मागच्या बारीक अक्षरांत निलोटिकस आहे की कॅल्कॅरिफर, ते वाचता येते. कॅल्कॅरिफर असेल, तर तो तळ्यात किंवा पिंजऱ्यात वाढवलेला असण्याची शक्यता बरीच असते. निलोटिकस असेल, तर तो बहुधा पूर्व आफ्रिकेतल्या सरोवरात जाळ्याने किंवा गळाने पकडलेला असतो. अलिबागच्या किंवा मडगावच्या बाजारात असे काही छापलेले मिळत नाही, पण तिथे मासा डोक्यासकट समोर असतो आणि कोळीण तुकड्या करण्यापूर्वी त्याचा डोळा पाहून घेता येतो.