लिनक्सवरील ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोषनिवारण

डेस्कटॉप लिनक्सवर स्क्रीन काळी राहणे, रिझोल्यूशन एकाच मापावर अडकणे, व्हिडिओ अडखळणे किंवा पासवर्ड दिल्यावर पुन्हा लॉगिनच्याच पानावर येणे, अशा तक्रारींचे मूळ शोधून त्या दूर करण्याची पद्धत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्याने, चालू स्थितीतला जुना संगणक मोडीत न काढता त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकण्याचा मार्ग अनेकांपुढे आला. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमधील एखाद्या घरात वा झेरॉक्सच्या दुकानात असा जुना संगणक नव्याने सुरू होतो, तेव्हा पहिली अडचण बहुधा ग्राफिक्सचीच येते.

नवख्या माणसाची मुख्य चूक सवयीतून होते. विंडोजवर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून घ्यायचा असतो. लिनक्सवर तो बहुतांशी कर्नलमध्येच, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यातच असतो. इंटेलचा ‘आय९१५’ आणि एएमडीचा ‘एएमडीजीपीयू’ हे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, त्यावर ‘मेसा’ हा ओपनजीएल व व्हल्कन हे चित्र रेखाटण्याचे इंटरफेस पुरवणारा थर असतो, आणि त्याही वर वेलँड किंवा एक्स-ऑर्ग ही खिडक्या पडद्यावर मांडणारी व्यवस्था. एनव्हिडियाची गोष्ट निराळी आहे. तिच्या कार्डांसाठी ‘नूवो’ हा खुला ड्रायव्हर स्वयंसेवकांनी कंपनीच्या मदतीविना उलट्या अभ्यासातून (रिव्हर्स इंजिनिअरिंग) घडवला आणि तो २०१० मध्ये कर्नलात आला. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर मात्र बाहेरून बसवावा लागतो. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कार्डांच्या ट्यूरिंग व पुढील पिढ्यांसाठी कर्नल मॉड्यूलचा (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या भागाचा) स्रोत खुला केला, तरी त्यावरचा मोठा भाग बंदिस्तच राहिला. या नोंदीतील बरीचशी दुखणी एनव्हिडियाची आहेत, ती यामुळेच.

काहीही बसवण्यापूर्वी दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरवावे लागते. संगणक सुरू करताच मदरबोर्डचे बोधचिन्हही दिसत नसेल, तर लिनक्सच्या ड्रायव्हरचा त्यात दोष असू शकत नाही, कारण तो तोवर सुरूच झालेला नसतो. अशा वेळी मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला जोडलेली आहे का, हे आधी पाहावे. ग्रब या सुरुवातीच्या निवड-प्रोग्रामची यादी दिसते आणि त्यानंतर स्क्रीन काळी होते, तेव्हाच संशय ड्रायव्हरवर जातो. कंट्रोल, ऑल्ट व एफ३ या कळा एकत्र दाबल्यावर अक्षरी कन्सोल उघडला, तर यंत्रणा जिवंत असून फक्त चित्राचा भाग कोलमडला आहे, असे समजावे. तेथे ‘एलएसपीसीआय -के’ ही आज्ञा दिली की प्रत्येक कार्डापुढे प्रत्यक्ष वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव येते, आणि ‘जर्नलसीटीएल -बी -१’ ने मागच्या वेळच्या सुरुवातीची नोंदवही वाचता येते. डेस्कटॉप मराठीत ठेवणाऱ्यांना येथे एक वेगळाच अडथळा येतो: या कन्सोलला देवनागरीची जोडाक्षरे मांडता येत नाहीत, त्यामुळे भाषांतरित संदेशांच्या जागी चौकोन उमटतात. आज्ञेपूर्वी ‘एलसी_ऑल=सी’ लिहिल्यास तेच संदेश इंग्रजीत वाचता येतात.

कन्सोलही न उघडल्यास ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडतात आणि एफ१० दाबून पुढे जातात. यादीच दिसत नसेल, तर यूईएफआय हे नवे फर्मवेअर असलेल्या यंत्रावर एस्केप आणि जुन्या बायोसवर शिफ्ट कळ लागते. या शब्दामुळे कर्नल ग्राफिक्सचे खास ड्रायव्हर बाजूला ठेवून फर्मवेअरने दिलेल्या साध्या चित्रावर काम भागवतो. स्क्रीन दिसू लागते, म्हणून अनेक जण तो शब्द कायमचा ठेवून देतात, आणि मग महिनोन्‌महिने लिनक्स मंद असल्याची तक्रार करतात. वस्तुतः त्या स्थितीत सगळे चित्र प्रोसेसर रंगवत असतो. सेटिंग्जमधील यंत्राच्या माहितीत ग्राफिक्सपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसले, तर दुखणे हेच.

कंपनीचा ड्रायव्हर हवा असल्यास मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ आणि उबंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ ही खिडकी वापरावी. साइटवरून उतरवलेली ‘रन’ फाइल पॅकेज व्यवस्थेला न कळवता आपल्या फाइली पसरवते, आणि पुढे कर्नल बदलला की मॉड्यूल जुळेनासे होऊन स्क्रीन पुन्हा काळी पडते. पॅकेजमधून आलेल्या ड्रायव्हरचे मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी ‘डीकेएमएस’ या साधनाकडून पुन्हा बांधता येते, मात्र त्यासाठी त्या कर्नलचे हेडर्स (बांधणीसाठी लागणाऱ्या फाइली) संगणकावर असावे लागतात. अपडेटनंतर बिघाड झाल्यास ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून मागचा कर्नल निवडून काम चालू ठेवता येते, आणि मग शांतपणे कारण शोधता येते.

सिक्युअर बूट (सही नसलेले सॉफ्टवेअर सुरुवातीलाच रोखणारी फर्मवेअरमधील सोय) चालू असेल, तर बाहेरून आलेले मॉड्यूल सही ओळखल्याशिवाय कर्नल स्वीकारत नाही. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो. विंडोजच्या निळ्या पडद्याची धास्ती घेतलेला माणूस तेथे घाईने ‘कंटिन्यू बूट’ निवडतो आणि ड्रायव्हर लागत नाही. त्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (सहीची किल्ली नोंदवणे) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो.

जुन्या कार्डांबाबत मर्यादा स्पष्ट आहेत. एनव्हिडियाच्या जीफोर्स २१० ला ३४० ही ड्रायव्हर शाखा लागते, जीटी ६१० ला ३९०, केप्लर पिढीच्या जीटी ७१० ला ४७०. या शाखांचा पाठिंबा कंपनीने थांबवला असून नव्या कर्नलवर त्यांचे मॉड्यूल बांधताना चुका येतात. प्रोसेसरमध्येच इंटेलचे ग्राफिक्स असलेल्या कार्यालयीन संगणकातून असे कार्ड काढून टाकणे हाच पुष्कळदा सर्वांत कमी त्रासाचा उपाय ठरतो, मग तो पराभवासारखा वाटला तरी.

खानदेशात आणखी दोन कारणे ड्रायव्हरच्या नावावर खपून जातात. पहिले, अपडेट चालू असताना लाइट जाणे: पॅकेजे अर्धवट राहतात, मॉड्यूल बांधले जात नाही, आणि कन्सोलवरून ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवून ते काम पूर्ण करावे लागते. उरलेली पॅकेजे उतरवायला इंटरनेट नसेल, तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केल्यास ते बहुधा आपोआप मिळते. दुसरे कारण उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा सकाळी नीट चालणारा संगणक दुपारी गोठू लागतो आणि दोष आदल्या दिवशीच्या अपडेटला दिला जातो. ‘सेन्सर्स’ किंवा ‘एनव्हिडिया-एसएमआय’ या आज्ञांनी तापमान पाहता येते. नोंदवहीत ‘एक्सआयडी ७९’ आढळले, तर कार्डाचा बसशी (मदरबोर्डशी जोडणाऱ्या वाहिनीशी) संपर्क तुटला, असा त्याचा अर्थ. तेव्हा ड्रायव्हर पुन्हा बसवण्याआधी कॅबिनेट उघडून पंख्यावरची धूळ काढावी, कार्ड खाचेत घट्ट बसले आहे का पाहावे आणि पॉवर सप्लाय तपासावा.