आत्मपरीक्षण (ख्रिस्ती साधना) : ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात

आपले विचार, बोलणे आणि व्यवहार देवासमोर तपासणे, चुकले असेल ते नाव घेऊन कबूल करणे आणि जमेल तिथे ते निस्तरणे, या साधनेला ख्रिस्ती परंपरेत आत्मपरीक्षण म्हणतात. विदर्भातल्या खेड्यांत हा शब्द कानावर पडतो तो मुख्यतः प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करण्याच्या विधीच्या रविवारी. भाकर आणि प्याला फिरण्याआधी पाळक बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचतात, आत्मपरीक्षण करा म्हणतात, आणि मंडळी मिनिटभर माना खाली घालून बसते.

त्या मिनिटात बहुतेकांना आपल्या मनातले वाईटसाईट विचार आठवतात. ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा रोख मात्र वेगळा होता. ग्रीसमधल्या करिंथ शहरातली मंडळी एकत्र जेवायला जमे. ज्यांच्यापाशी होते ते आधीच खाऊनपिऊन मोकळे होत, ज्यांच्यापाशी नव्हते ते खाली मान घालून बसत. एक भुकेला तर दुसरा झिंगलेला, अशा शब्दांत पौल त्यांना फटकारतो आणि शेवटाकडे सांगतो की जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. म्हणजे तपासायचे होते ते पंगतीतले वागणे. वावराचा मालक आणि त्याच वावरात कापूस वेचणारी बाई जिथे एकाच सतरंजीवर प्रभुभोजन घेतात, तिथे हा अध्याय जुना वाटत नाही.

मराठी बायबलची भाषा या कामी फार उपयोगी पडते. १३९ व्या स्तोत्रात भक्त देवाला म्हणतो, माझी झडती घे. दारूबंदी असलेल्या वर्धा-गडचिरोलीकडच्या माणसाला झडती म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. झडतीत घरमालक बाजूला उभा राहतो आणि डबे दुसराच कोणी उघडतो. आपण आपल्याला तपासतो तेव्हा नको तो डबा नेमका राहून जातो, म्हणूनच स्तोत्रकर्ता हे काम स्वतःकडे ठेवत नाही. येशूच्या डोंगरावरील प्रवचनातले कुसळ आणि मुसळ हे शब्दही असेच. पावसाळा सरल्यावर गवतातून चालत आलेल्याच्या धोतराला किंवा लुगड्याच्या काठाला कुसळे चिकटतात. ती एकेक करून उपटायला दुसऱ्याची नजर लागते हे खरे, पण येशूचा टोमणा अशा मदतीला धावणाऱ्यालाच आहे.

साधनेचा इतिहास मोठा आहे. इथे त्यातल्या ज्या धाग्यांचा विदर्भाशी संबंध येतो तेवढेच पाहू. कॅथलिक चर्चने १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेत वर्षातून निदान एकदा पापांची कबुली बंधनकारक केली. येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी रोजच्या तपासणीचे पाच टप्पे घालून दिले. त्यांतला पहिला टप्पा आभाराचा आहे, पापाचा नंबर नंतर लागतो. एखादा विशिष्ट दोष काढायचा असेल तर दिवसाला दोन रेघा ओढून, दुपारी आणि रात्री, जितक्यांदा चूक झाली तितके ठिपके द्यायचे आणि कालच्या ठिपक्यांशी आजचे ताडून पाहायचे, असेही त्यांनी सांगितले. वेचणीच्या दिवसांत प्रत्येक बाईच्या नावापुढे किलो मांडणारी वही ज्याने सांभाळली आहे त्याला ही पद्धत लगेच कळेल.

प्रॉटेस्टंट बाजूला मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये लहान गटांसाठी नियम केले. मागच्या भेटीनंतर तुझ्या हातून कोणते पाप घडले, हा त्यांतला पहिला प्रश्न. वेस्लींच्या परंपरेतल्या फ्री मेथडिस्ट मिशनचे काम यवतमाळ भागात रुजले. १९५३ मध्ये यवतमाळलाच युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे १९८३ मध्ये ते पुण्याला गेले. त्याआधी, १८४५ पासून, नागपुरात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यामार्फत स्कॉटिश मिशन आले होते.

खेड्यात प्रामाणिक आत्मपरीक्षणाची कसोटी लागते ती वावरात, काट्यावर आणि मजुरीत. नांगरणी-वखरणीच्या वेळी दरसाल शेजाऱ्याच्या शेताचा धुरा (बांध) वीतभर कोरणारा माणूस कोणत्याही व्याख्येने चोर असतो, पण कोरलेली वीत जून उजाडेपर्यंत विसरली जाते. शेजाऱ्याची सीमा सरकवू नको अशी स्पष्ट आज्ञा बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे. कापसावर पाणी मारून वजन वाढवणे, वेचणाऱ्या बाईच्या मापातले पाव-अर्धा किलो 'कट' म्हणून सोडणे, मजुरी पुढच्या बाजारावर ढकलणे, यांतल्या प्रत्येकाला शास्त्रात जागा आहे. नीतिसूत्रे खोट्या तराजूबद्दल बोलतात आणि याकोबाचे पत्र सांगते की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. तरीही प्रार्थनासभेतल्या पापांगीकारात हे विषय क्वचित निघतात. राग, वाईट विचार, प्रार्थनेतला आळस, हे मात्र हमखास निघतात, कारण त्यांत कुणाचे काही परत द्यावे लागत नाही. "माह्या मनात काई नाई" हे वाक्य इथे ढालीसारखे वापरले जाते. मनात खरोखर काही नसेलही, पण धुऱ्यात आहे. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने येशूसमोर मनाबद्दल एक अक्षर काढले नाही. निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करतो, एवढेच तो म्हणाला.

हीच अडचण 'साक्ष' देण्यातही दिसते. सभेत उभे राहून देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगण्याची ही प्रथा विदर्भातल्या अनेक मंडळ्यांत जिव्हाळ्याची आहे आणि दारू सुटलेल्या माणसाची साक्ष ऐकणाऱ्याला खरेच बळ देते. पण साक्ष बहुधा दहा वर्षांपूर्वीच्या पापाची असते, मागच्या मंगळवारची नसते. जुने पाप सांगणाऱ्याची पत वाढते, ताजे पाप सांगणाऱ्याची घटते. त्यामुळे साक्ष ऐकून आत्मपरीक्षण झाले असे समजण्यात गफलत आहे.

उलट टोकाचा धोकाही आहे, आणि कोरडवाहू मुलखात तो जास्त गंभीर. प्रॉटेस्टंट सुधारणेचे प्रणेते मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) मठात असताना तासन्‌तास कबुली देत आणि तरी त्यांना शांती नसे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली पऱ्हाटी (कपाशी) पोखरली, तशा एखाद्या हंगामात कर्जात बुडालेला शेतकरी आपल्याच पापात कारण शोधू लागतो. येशूने ही वाट बंद केली आहे. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारले, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? दोघांचेही नाही, असे उत्तर आले. पीक बुडाल्यावर आत्मपरीक्षणाचा उपदेश करणाऱ्या पाळकाने योहानाचा नववा अध्याय आधी वाचावा. येशूला नाकारणारा शिष्य पेत्र आणि त्याला धरून देणारा शिष्य यहूदा, दोघांनाही आपली चूक कळली होती. पेत्र रडला आणि इतरांत परतला, यहूदा एकटाच राहिला. स्वतःलाच दोषी धरून खचलेल्या माणसाला एकटे सोडू नये, त्याला डॉक्टरकडेही न्यावे.

राहता राहिला ताट पुढे सरकवण्याचा प्रश्न. मन साफ नाही म्हणून काही जण प्रभुभोजन न घेता ताट शेजाऱ्याकडे देतात. चाळीस-पन्नास माणसांच्या चर्चमध्ये हे सगळ्यांना दिसते आणि संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर पोहोचते. त्या भीतीने कितीतरी जण मुकाट्याने भाकर घेतात. पौलाचे शब्द मात्र परीक्षण करावे आणि मग खावे असे आहेत, खाऊ नये असे नाहीत. भावाचे आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो. कॅथलिकांकडे ही पंचाईत कमी, कारण कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरांपुढे एकांतात दिलेल्या कबुलीत, ऐकलेले फादरांना कुणापाशी उघड करता येत नाही. पण लुबाडलेले परत करण्याची जबाबदारी तिथेही सुटत नाही, आणि धुरा मागे घेतला की तो सगळ्या शिवाराला दिसतोच.