गोकाकचं पाणी आधी खाली पडतं की पुढे जातं?

पावसाळ्यात गोकाकचा धबधबा बघायला बेळगावहून गाड्या भरभरून जातात. घटप्रभा तिथं ५२ मीटर खाली कोसळते. फोटो काढून झाले की पाणी सुटतं ती वरची कड जरा निरखून बघा. नदीला नुकतंच पाणी चढलेलं असतं तेव्हा धारा कड्यालगत पडतात. आषाढात तोच तांबूस लोंढा कड्यापासून चांगला लांब झेपावतो. मग तळाला आधी कोण पोचतं, संथ पाणी की जोराचं?

बहुतेक जण जोराचं म्हणतात. पण हवेचा अडथळा सोडला तर दोघांनाही सारखाच वेळ लागतो, साधारण सव्वातीन सेकंद. कड सोडताना पाणी आडवं चाललेलं असतं, खाली जाण्याचा वेग जवळपास शून्य. गुरुत्वाकर्षण फक्त खाली ओढतं. आडव्या वेगाला ते हातही लावत नाही. पहिल्या सेकंदात पाणी ४.९ मीटर पडतं, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५. आडवी चाल मात्र तीच राहते: सेकंदाला २ मीटर वेग असेल तर पाणी साडेसहा मीटर पुढे पडेल, ६ मीटर असेल तर साडेएकोणीस. पुढची पावलं सारखी आणि खालची वाढती, म्हणून वाट वाकते. हा बाक अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा, हे गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात सिद्ध केलं.

शाळेत हीच प्रक्षेप्य गती, म्हणजे फेकलेल्या वस्तूची चाल, थेट सूत्रांपासून सुरू करतात आणि पोरं तिथंच गळतात.

वस्तू वर फेकली तरी नियम तेच. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर कुणी सेकंदाला २० मीटर वेगानं चेंडू उचलला, तर ४५ अंशांवर तो सर्वांत लांब, सुमारे ४१ मीटर जाईल. ३० आणि ६० अंशांना अंतर एकच, ३५ मीटर. पण ३० अंशांचा फटका दोन सेकंदांत खाली येतो, ६० अंशांचा साडेतीन सेकंद हवेत राहतो. झेल घेणाऱ्याला दीड सेकंद जास्त, तेवढ्यात तो बरंच मैदान कापतो.

हे आकडे हवा नाही असं धरून काढलेले. प्रत्यक्षात हवा आडवा वेगही खाते, त्यामुळे उंच फटका हिशेबापेक्षा अलीकडे पडतो आणि चढला त्यापेक्षा जास्त उभा उतरतो.