‘मी बाई नाही का?’ : सोजर्नर ट्रुथ नेमकं काय म्हणाल्या?

गुलामगिरीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रुथ यांनी १८५१ साली अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रनच्या महिला हक्क परिषदेत ‘मी बाई नाही का?’ असं पुन्हा पुन्हा विचारलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हा मजकूर सभेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेज यांनी तब्बल १२ वर्षांनी, १८६३ मध्ये छापला. त्यात ट्रुथ यांच्या तोंडी दक्षिणेकडची मोडकी बोली आणि १३ मुलं घातली. ट्रुथ मूळच्या न्यूयॉर्क राज्यातल्या, लहानपणी डच बोलणाऱ्या, मुलं पाच.

उलट सभेनंतर महिन्याभरात, २१ जून १८५१ ला, वृत्तपत्राचे संपादक मारियस रॉबिन्सन यांनी छापलेल्या वृत्तांतात तो प्रश्न एकदाही येत नाही. तोही शब्दशः नाही, पण जास्त भरवशाचा. त्यात ट्रुथ म्हणतात: मी नांगरलंय, कापणी केलीय, पुरुष याहून जास्त काय करतो? मग त्या विरोधकांचंच म्हणणं उचलतात. बाईची बुद्धी पावशेर आणि पुरुषाची अर्धा शेर असेल, तर तिचं पावशेर तरी भरू द्या. घाबरू नका, मापात मावेल त्याहून जास्त आम्ही घेऊच शकत नाही! गेज यांच्याकडेही हे माप आहे, पण तिथे ते न देणाऱ्याला कद्रू ठरवतं. मला रॉबिन्सन यांच्या ट्रुथ कितीतरी धारदार वाटतात.